माशीचा डावा खांदा

कुलदीप गावंडे या माणसाने पहिल्याच भेटीत मला नवरी ठरवून टाकलं. तिथून माझी जी चिडचिड सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही.

सगळा दोष आत्याचा. मी अमरावतीहून अकोल्याला एका कामासाठी आले होते, काम झालं नव्हतं, डोकं तापलं होतं, आणि तेवढ्यात तिचा फोन आला. "रुचिता, आलीच हायस त जठारपेठेतून पिंकीच्या पत्रिका घेऊन ये. तुह्या वाटेतच हाय ते दुकान." पिंकी म्हणजे माझी आतेबहीण. दुकान माझ्या वाटेत अजिबात नव्हतं, पण आत्याला नाही म्हणणारं माणूस आमच्या घराण्यात अजून जन्माला यायचं आहे. एप्रिलची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, ओढणीने सगळा चेहरा गुंडाळलेला... अशी मी 'शुभारंभ कार्ड्स अँड मोमेंटो'मध्ये शिरले.

काउंटरमागे एक जण मान खाली घालून बसला होता. मग त्याने वर पाहिलं. काळासावळा, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत एक उगाचचं हसू.

"मानकरांच्या पत्रिका न्यायच्या आहेत," मी म्हटलं.

"नवरी तुमीच न?"

"नाही."

"वाटता त तुमीच."

"चेहरा झाकलाय माझा. काय दिसलं तुम्हाला त्यात?"

"घाई," तो म्हणाला. "नवरीले लय घाई असते पत्रिकेची. बाकीच्या लोकाईले जेवनाची असते."

मी काही उत्तर देणार होते, चांगलं झणझणीत. पण त्याच्या पाठीमागे एक मशीन चालू होतं आणि माझी नजर तिथे अडकली. काचेच्या एका ठोकळ्यावर कुठल्यातरी निवृत्त मुख्याध्यापकांचा फोटो कोरला जात होता. लेझरचा किरण दिसतही नव्हता, पण मुख्याध्यापकांच्या मिशीचा एकेक केस वेगळा उमटत होता.

"याची रेघ किती बारीक जाते?" मी विचारलं.

"केसापेक्षा बारीक. कावून? पत्रिका बदलाची हाय का?"

मी ओढणी सोडली, खुर्ची ओढली आणि बसले. पिंकीच्या पत्रिका त्या दिवशी संध्याकाळी पोचल्या आणि आत्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता माझं काम काय ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय माझा राग कुणाला समजणार नाही. मी अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करत होते. विषय – किड्याएवढा उडणारा रोबो. घर कोसळलं, दरड पडली, की ढिगाऱ्याच्या फटीतून आत जाऊन माणूस आहे का ते बघेल असा. एवढ्या लहान वस्तूत नट-बोल्ट चालत नाहीत, बिजागरी चालत नाही, सगळं आपसांत घासूनच थांबतं. मग काय करायचं? कार्बनच्या तंतूंचा राळेत भिजवलेला कागद घ्यायचा, कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. त्याचे दोन थर, आणि मध्ये प्लास्टिकची एक पारदर्शक पापडी. थर आधी लेझरने कापायचे, एकावर एक रचायचे, गरम दाबाखाली धरायचे. राळ वितळते, थर एकजीव होतात. जिथे कार्बन कापलेला असतो तिथे फक्त पापडी उरते आणि ती वाकते. झाला सांधा. लोखंडापेक्षा कडक आणि फुंकरीने उडेल इतकं हलकं असं ते अंग, घडी घातली की उभं राहतं.

आणि कॉलेजची लेझर मशीन दिवाळीपासून बंद होती. पुण्याच्या एका लॅबने जुलैची तारीख दिली होती. माझी वेळ होती जूनची. जूनच्या पहिल्या आठवड्यात बंगळुरूहून समिती येणार होती. त्यांच्यासमोर माझा रोबो जागेवरून उठून हवेत टिकला, तर मला तिथल्या संस्थेत दोन वर्षांची जागा. नाही टिकला तर प्रकल्प बंद आणि मी कुठल्यातरी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला मोकळी.

हे सगळं मी त्या दिवशी कुलदीपला सांगितलं. बंगळुरूचंही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे माशी."

"माशी नाही. पंख फडफडवून उडणारा सूक्ष्म—"

"पंख किती?"

"दोन."

"दोन पंखाची माशीच असते, मॅडम."

संतापाची गोष्ट ही, की ते बरोबर होतं. चार पंखांचे बाकी सगळे, दोनाची माशी. प्राणिशास्त्र पाठ असल्यासारखं त्याने ते सांगितलं आणि वर एक पत्रिका काढून माझ्यासमोर उघडली. उघडताच आतून कागदाचा मांडव उभा राहिला, खांब, तोरण, दोन बाहुल्या. "तुमचं बी असंच न? सपाट कापाचं, घडी घालाची, आन उभं कराचं."

"थोडंसं," मी म्हटलं. तंतोतंत तसंच होतं. पण सगळंच कबूल करायचं म्हणजे काय.

तर अशी आमची सोयरीक जमली. कामाची. दर आठवड्याला मी एसटीने अकोल्याला जायची. मांडीवर आइस्क्रीमवाल्याकडून आणलेला थर्माकोलचा डबा, आत बर्फ, बर्फात पिशवी, पिशवीत कार्बनचा कागद, कारण उन्हात त्याची राळ बिघडते. कंडक्टर विचारायचे, "पोलिओचे डोस का?" मी हो म्हणायची. खरं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा – ही माशी डास मारते का?

आणि कुलदीप. त्याला फोन केला की उचलायचा नाही. उचलला की म्हणायचा, "तुमचंच करून राहिलो." मागे बँडचा आवाज. म्हणजे हा पत्रिका द्यायला कुणाच्यातरी मांडवात गेलेला, पंगतीला बसलेला, आणि माझंच करून राहिलेला. लग्नसराई होती. माझ्या पंखांचा नंबर साखरपुड्याच्या दोन आणि बारशाच्या एका कार्डानंतर लागायचा.

"बारशाचं कार्ड माझ्या आधी?" मी एकदा भांडले.

"लेकरू जन्मून बसलं न, मॅडम. ते थोडं थांबते? तुमची माशी अजून जन्माची हाय."

त्याची आई, माणिकबाई, काउंटरच्या दुसऱ्या टोकाला पत्रिकांचे गठ्ठे बांधत बसायच्या. प्रत्येक गठ्ठ्यातल्या पहिल्या पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावायच्या. कागदावरून झडू नये म्हणून ती हळद तेलात कालवलेली, एका पितळी डबीत. त्या माझ्याशी फारसं बोलायच्या नाहीत. पण मी आले की माठातलं पाणी यायचं, आणि पाण्यामागून कधी कैरीचं पन्हं, कधी भिजवलेल्या शेंगा, आणि "वाळून गेली पोट्टी पार" असं कुणालाही उद्देशून नसलेलं एक वाक्य.

काम मात्र त्याचं बघत राहावं असं. मशीनवर वाकला की बडबड थांबायची. कार्बनचा कागद चिमट्याने उचलताना तो श्वास धरायचा. एकदा वीज गेली, पंखा थांबला, दुकानाची भट्टी झाली. मी डब्याकडे धावले, तर त्याने आधीच गोणपाट ओलं करून डब्यावर टाकलं होतं आणि बाजूला बसून पुठ्ठ्याने वारा घालत होता. डब्याला. मला नाही.

"मी इथे वितळतेय," मी म्हटलं.

"तुमी टिकसान. हे नाई टिकत."

मग दोन मिनिटांनी तो पुठ्ठा हळूच माझ्याकडे वळला. मी बघितलं, तर तो रस्त्याकडे बघत होता. कानाची पाळी लाल झालेली... उन्हाने असेल. मी स्वतःला तसं सांगितलं, आणि परतीच्या एसटीत बडनेऱ्यापर्यंत तोच विचार करत बसले, याचाही मला राग आला.

एवढं सगळं होऊनही माशी उडत नव्हती.

फडफडायची. सुरुवातीला छान फडफडायची. खालून केसासारख्या तारेने वीज दिली की पंखांचा नुसता धूसर पडदा दिसायचा आणि बारीक गुणगुण यायची. पाय उचलतायत असं वाटायचं आणि मग ती डावीकडे कलंडायची. दर वेळी डावा खांदा. भिंगाखाली बघितलं की तिथले थर सुटलेले. उजवा ठणठणीत, डावा सोललेला. मी राळ बदलून पाहिली, दाब वाढवला, तापमान कमी केलं. आमचे गाईड सर म्हणाले, "रुचिता, तुझा डावा हात जरा जड पडत असेल." मी लेखणीसुद्धा डाव्या हातात धरत नाही. घरी आई म्हणाली, "सोडून दे बाई, रडू नको." मी रडत नव्हते, दात खात होते.

मेच्या शेवटी मला ऊन लागलं. ताप चढला आणि मी अकोल्याला जाऊ शकले नाही. कागदाचे थोडेच तुकडे उरले होते आणि नवा कागद जूनच्या आधी परदेशातून येणार नव्हता. मी कुलदीपला निरोप धाडला, कापलेले थर कुरिअरने पाठवा, बर्फात घालून. उत्तर नाही. फोन बंद. मी अंथरुणात पडून त्याला मनातल्या मनात जेवढं बोलले तेवढं उभ्या जन्मात कुणाला बोलले नसेन.

दुसऱ्या दिवशी अंगात थोडी ताकद आली, तशी लॅबला गेले, तर हा दारात उभा. डबा छातीशी धरलेला. चेहरा भाजलेला, ओठ फुटलेले, शर्टावर मिठाचे पांढरे डाग.

"मोटरसायकलवर आलास? या उन्हात? शंभर किलोमीटर?" तुम्ही-बिम्ही सगळं गळून पडलं माझं. "अक्कल गहाण टाकली आहेस का? मला ऊन लागलं ते पाहून शिकायचं सोडून... आणि फोन का बंद?"

"फोन तापून बंद पडला. डबा नाई तापला," तो म्हणाला. "बर्फ तिवस्याले बदलला."

"तिवसा अमरावतीच्या पलीकडे आहे."

त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "रस्ता चुकलो. उन्हात काई दिसत नवतं."

मला हसू आलं नाही. मी त्याला आत नेलं, पाणी दिलं, पुन्हा पाणी दिलं. मग भिंगासमोर बसवलं आणि आधीची जोडून ठेवलेली माशी दाखवली. ती त्याने आजवर पाहिलीच नव्हती. त्याने फक्त सुटे तुकडे कापले होते, काळ्या कागदावरच्या काळ्या रेघा.

मी वीज सोडली. पंख धूसर झाले.

एरवी ज्याचं तोंड बंद व्हायचं नाही तो माणूस भिंगाला डोळा लावून बसला आणि बसूनच राहिला. शेवटी मान वर न करता म्हणाला, "हे... तुमी केलं?"

"आपण केलं. सांधे तूच कापलेत."

"मी त कापकूप केली. जीव तुमी घातला."

आता खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला कळून चुकलं, की मी या माणसाच्या प्रेमात पडले आहे. फोन न उचलणाऱ्या, तिवस्याला जाऊन अमरावतीला परत येणाऱ्या, मला नवरी ठरवणाऱ्या या माणसाच्या. मला ते मुळीच नको होतं. पण ते झालं होतं, आणि ताप उतरला तरी जाणार नव्हतं.

तेवढ्यात माशी डावीकडे कलंडली. खांदा सुटला.

कुलदीपचा चेहरा असा झाला, की मी त्याचीच समजूत काढत बसले. तो निघाला तेव्हा ऊन कललं होतं. सरळ रस्त्याने जा, एवढंच म्हणू शकले.

तो गेल्यावर मी सुटलेला खांदा चिमट्याने पूर्ण उघडला. आतली बाजू नेहमी काळीच दिसायची, पण त्या दिवशी खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि थरावर कसलीतरी चकाकी होती. तेलकट. मी कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवला आणि पुसलं. बोळा पिवळा झाला. मग बघता बघता लाल.

साबण लागला की पिवळ्याचं लाल का होतं, हे लग्नघरातले कपडे धुतलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

मी बाकीचे जुने खांदे उघडले. सगळ्या डाव्या खांद्यांना हळद, त्याने आज आणलेल्या थरांनाही. तेलात कालवलेली. तेलाचं बोट लागल्यावर कुठलीही राळ चिकटत नाही, जगातली कितीही महाग असो. कागद पुरवून वापरायचा म्हणून मी सगळे भाग दाटीने मांडले होते, आणि डावा खांदा येत होता बरोबर कोपऱ्यात.

सकाळच्या पहिल्या एसटीने मी अकोल्याला गेले. दुकानात वरपक्षाची माणसं पत्रिका निवडत बसली होती. एक आजोबा सोनेरी की लाल यावर अडले होते. मी सरळ काउंटरवर बोळा ठेवला. राग आला की माझं पुस्तकी मराठी कुठल्याकुठे जातं.

"हे काय हाय?"

कुलदीपने पाहिलं. "कापूस."

"हयद हाय ही. हयद. तू लावली माह्या कार्बनले. दर खेपेले लावली. खरं सांग."

वरपक्षातले आजोबा सोनेरी पत्रिका हातात धरून माझ्याकडे बघायला लागले. माणिकबाईंनी गठ्ठा बांधणं थांबवलं. "म्या म्हनलं," त्या हळूच म्हणाल्या, "हा डबी घेऊन मशीनपाशी कायले जाते."

"कोपऱ्याले लावत होतो," कुलदीप म्हणाला. त्याचा आवाज पार खाली गेला होता. "मागच्या बाजूनं. पुसून बी घेत होतो. मले वाटलं कोपरा रिकामा हाय... पत्रिकेचा असते तसा."

"माझा कोपरा रिकामा नसतो. तिथे खांदा असतो. तीच तेवढी जागा होती, कुलदीप, जिथे काही लागायला नको होतं." मी टेकले. "दोन महिने. मी दोन महिने डाव्या खांद्यासाठी रडतेय. सरांनी माझ्या हाताला दोष दिला. आणि तू इथे बसून माझी पूजा घालत होतास? सगळ्यांच्या कामाला लावतोस का असं? त्या मुख्याध्यापकांच्या मिशीला लावली होतीस?"

"नाई."

"मग?"

"आई पत्रिकाईले लावते. मी कोनाच्याच कामाले लावत नाई." तो थांबला. "फक्त तुमच्या."

आजोबांनी पत्रिका खाली ठेवली.

"कावून?" मी विचारलं.

"सफल व्हावं म्हनून."

"सफल झालं असतं तर मी गेले असते. बंगळुरूला. हे माहीत होतं ना तुला?"

"पहिल्याच दिवशी सांगतलं तुमी."

"मग?"

"मंग काय..." त्याने बोळ्याकडे पाहिलं. "लावत होतो तरी."

मला त्याचा गळा धरावासा वाटला. आणि मग, गळा धरून झाल्यावर, त्याच गळ्यात पडून रडावंसं वाटलं. समोर वरपक्ष असल्याने मी दोन्ही केलं नाही. मी थर्माकोलचा डबा काउंटरवर ठेवला. आत न कापलेल्या कागदाचा शेवटचा तुकडा होता. तो बिघडला असता तर दुसरा नव्हता, आणि समिती चार दिवसांवर आली होती.

"हात धू," मी म्हटलं. "साबणाने. दोनदा."

तो उठला. कोपरापर्यंत हात धुतले, डॉक्टर धुतात तसे, आणि वर धरून उभा राहिला. माणिकबाईंनी पितळी डबी उचलली. मी दचकून डब्यावर झोपायचीच बाकी राहिले. पण त्या काउंटरला वळसा घालून माझ्याजवळ आल्या.

"त्याले नको लावू, म्हन्ते न तू? नाई लावत. इकडं ये, तुह्या कपायाले लावते." हळद आणि वर कुंकू लावून त्यांनी माझी हनुवटी धरली. "जाय. कर तुहं काम. आन याच्यावर रागवाचं असन त मंग रागव, आता वाया जाते."

आजोबा म्हणाले, "आमची लालच फायनल करा. पोरीचं होऊ द्या आधी."

आणि त्या दिवशी लग्नसराईत पहिल्यांदाच माझा नंबर पहिला लागला. कुलदीपने कागद कापला. मी त्याच्या शेजारी श्वास धरून उभी होते, आणि त्याने मधेच, मशीनवरून नजर न काढता म्हटलं, "श्वास घ्या. चक्कर येईन." मी घेतला.

समितीच्या दिवशी तो दुकान बंद करून आला. जूनच्या मुहूर्तांत, गिऱ्हाईक दारात असताना. मला सांगितलंही नाही. मी लॅबमध्ये उभी, समोर तीन माणसं आणि एक बाई, सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या, आणि खिडकीच्या काचेपलीकडे हा. आत येऊ देतील की नाही याचा अंदाज घेत बाहेरच थांबलेला.

मी वीज सोडली. गुणगुण आली. पंखांचा पडदा झाला. माशी थरथरली, आणि मी सवयीने डाव्या खांद्याकडे बघायला लागले, आता जाईल, आता जाईल... ती गेली नाही. ती उठली. टेबलापासून बोटभर, मग वीतभर, आणि तिथे थांबली. तार खाली लोंबत होती. एवढीशी काळी वस्तू, कागदाची, राळेची, हवेत स्वतःच्या पंखांवर. समितीतली बाई खुर्चीतून पुढे सरकली आणि कुणीतरी "अरे" म्हणालं.

मी समितीकडे बघायला हवं होतं. मी खिडकीकडे बघितलं. कुलदीप काचेपासून दोन पावलं मागे सरला होता आणि तोंडावर हात धरून उभा होता. काच मध्ये असूनसुद्धा, आपल्या श्वासाने ती पडेल या भीतीने. मला त्याचे डोळे दिसत होते. तेवढे पुरे होते.

संध्याकाळपर्यंत निकाल तोंडी कळला. जागा मिळाली होती. जुलैमध्ये रुजू व्हायचं. सरांनी पेढे मागवले, सगळे पांगले, आणि मी बाहेर आले तर तो कॉलेजच्या पायऱ्यांवर बसला होता. सुटीतलं रिकामं कॉलेज, कडुनिंबाच्या लिंबोळ्या पायरीवर पडलेल्या. मी शेजारी बसले. पेढा दिला. त्याने अर्धा मला परत दिला.

"मिळाली," मी म्हटलं.

"मालूम हाय. सर बोलले." तो लिंबोळी बोटांत फिरवत होता. "कवा जाता?"

"जुलैत."

"सामान लय हाय का?"

"नाही."

"थंडी असते म्हन्ते तठी. स्वेटर घ्या."

मी वाट पाहिली. पुढे काही येईल म्हणून. लिंबोळी फिरत राहिली.

"एवढंच?" मी विचारलं. "स्वेटर?"

"आन काय म्हनू?"

"तिथे त्यांच्या स्वतःच्या लेझर मशीन आहेत, कुलदीप. खोलीभर. आता मला तुझ्याकडून काही कापून घ्यायचं नाही. माझं तुझ्याशी काम संपलं. कळतंय का तुला, काय म्हणतेय मी?"

त्याचा हात थांबला. "कळते," तो म्हणाला. अगदी हळू. "मी काई म्हनलं आन तुमी थांबल्या, त मी सोताले माफ नाई करनार. म्हनून म्हनत नाई."

"मी थांबणार नाहीये."

"नका थांबू."

"जाणारच आहे. आणि सुटी मिळाली की इथे येणार आहे, काम नसताना. तूही यायचं तिकडे, सरळ रस्त्याने." माझा आवाज चढत चालला होता आणि मला तो आवरता येत नव्हता. "मला तू आवडतोस. नुसता आवडत नाहीस, प्रेम आहे माझं तुझ्यावर. आणि मला याचा इतका राग येतोय, इतका राग येतोय की काय सांगू."

पायरीवर वरून एक लिंबोळी पडली. कुलदीप माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच त्याने नजर रस्त्याकडे वळवली नाही.

"मले त तुमी ओढणी सोडली न, तवाच..." त्याला पुढचं जमेना. त्याने उरलेला पेढा माझ्या हातातून घेतला, खाली ठेवला, आणि माझा हात धरला. त्याची बोटं गार होती, दोनदा धुतल्यासारखी स्वच्छ. "राग कवा उतरन तुमचा?"

"उतरणार नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

तो हसला. "मंग बरं हाय," तो म्हणाला. "दोन वर्षं टिकला पाह्यजे."